मायसेल्फ, हिमसेल्फ, युअरसेल्फ: कुठे लावायचं आणि कुठे सरळ गाळायचं

ऐरोली, घणसोली, महापे, कुठेही वॉक-इन इंटरव्ह्यू असू दे, रिसेप्शनसमोर फाईल घेऊन बसलेली बरीच पोरं मनातल्या मनात "मायसेल्फ स्नेहल, फ्रॉम ठाणे" घोकत असतात आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य तेच बाहेर पडतं. या एका शब्दावरून कोणाची नोकरी जात नाही हे आधीच सांगून टाकतो, पण पहिल्याच वाक्यात चूक कशाला? "आय ॲम स्नेहल" किंवा "माय नेम इज स्नेहल", बास. मायसेल्फचा फारच सोस असेल तर "लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ, आय ॲम स्नेहल" म्हणा, ते पक्कं बरोबर आहे.

आता हे येतं कुठून ते बघा. मराठीत "मी स्नेहल" म्हटलं की वाक्य पूर्ण झालं, क्रियापद लागतच नाही. इंग्रजीत तसं चालत नाही, तिथे ॲम किंवा इज पाहिजेच. आणि नुसतं "आय स्नेहल" म्हटलं तर आपल्यालाच कसंतरी वाटतं, म्हणून तिथे मायसेल्फ येऊन बसतो, जरा भारदस्त पण वाटतो. खरं तर मायसेल्फला वाक्याचा कर्ता म्हणून एकट्याने बसता येतच नाही. फोनवर पण तेच, "मायसेल्फ स्पीकिंग" नाही, "धिस इज स्नेहल स्पीकिंग".

या सगळ्या लेखात माझं म्हणणं एकच आहे, की सेल्फ म्हणजे आपला "जी" किंवा "साहेब" नाही, तो लावल्याने वाक्य नम्र होत नाही. शाळेत सर्वनामाचे सहा प्रकार पाठ केले होते त्यातलं आत्मवाचक सर्वनाम आठवतंय का, आपण आणि स्वतः, त्याच घरातली ही मंडळी. मायसेल्फ, अवरसेल्व्ह्ज, युअरसेल्फ, युअरसेल्व्ह्ज, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, देमसेल्व्ह्ज अशी आठ, आणि पुस्तकी भाषेत एक वन्सेल्फ. कामं दोनच. एक म्हणजे करणारा आणि ज्याच्यावर केलं तो एकच माणूस असेल तेव्हा, आणि दुसरं म्हणजे "खुद्द" किंवा "मी स्वतः" असा जोर द्यायचा असेल तेव्हा. या दोन्हीत बसत नसेल तर सेल्फ लावायचा नाही.

पहिल्या कामाची टेस्ट सोपी आहे. आधी क्रियापद शोधा, मग विचारा की हे कोणी केलं, मग विचारा की कोणाला केलं. दोन्हीचं उत्तर एकच आलं तर सेल्फ. समजा ऑफिसात एस्कलेशन आलंय, म्हणजे तक्रार वरपर्यंत गेलीय, आणि तुम्ही क्लायंटला लिहिताय "रिया ब्लेम्ड हर फॉर द डिले". रियाने दोष दिला, कोणाला, हरला. आता ही हर रिया नाही, दुसरीच कोणीतरी बाई आहे, इंग्रजी वाचणारा तसंच समजणार आणि विचारणार की कोणाला दोष दिला बुवा. रियाने स्वतःलाच दोष दिला असेल तर "रिया ब्लेम्ड हरसेल्फ". एका शब्दात दुसऱ्या बाईवर बिल फाटतं, म्हणून इथे हलगर्जीपणा नको. इन्स्टावर पण हेच, "शी पोस्टेड अ फोटो ऑफ हरसेल्फ" म्हणजे स्वतःचा फोटो आणि "अ फोटो ऑफ हर" म्हणजे भलतीचा.

ऑर्डर देताना कर्ता दिसत नाही पण तो असतो, लपलेला "यू". म्हणून "हेल्प युअरसेल्फ", "बिहेव्ह युअरसेल्फ", "टेक केअर ऑफ युअरसेल्फ".

मराठी माणूस खरा अडखळतो तो लागलं, भाजलं, कापलं या ठिकाणी. आपण म्हणतो "मला भाजलं", यात करणारा कोणीच नाही, भाजणं आपलं आपण झालं आणि ते मला झालं. इंग्रजीत ते "आय बर्न्ट मायसेल्फ ऑन द तवा" असं होतं, कांदा चिरताना कापलं तर "आय कट मायसेल्फ", पायरीवरून घसरून लागलं तर "आय हर्ट मायसेल्फ". आपल्याला हे ऐकून वाटतं की अरे म्हणजे मी मुद्दाम स्वतःला भाजून घेतलं की काय. तसं नाही. हर्ट, कट, बर्न यांच्याबरोबर सेल्फ आला की इंग्रजी माणूस सहसा अपघातच धरतो, मुद्दाम केलं असेल तर "ऑन पर्पज" किंवा "डेलिबरेटली" असं वेगळं सांगावं लागतं. "आय गॉट हर्ट" पण चालतं, चूक नाही. मात्र अवयवाचं नाव घेतलंत की सेल्फ गेला, "आय कट माय फिंगर", "आय वॉश्ड माय हँड्स". "आय वॉश्ड मायसेल्फ हँड्स" असं काही नसतं.

याच्या उलट काही क्रियापदं अशी आहेत की तिथे स्वतःवरच क्रिया होते तरी इंग्रजी सेल्फ लावत नाही. आंघोळ केली, दाढी केली, कपडे घातले, तयार झालो, हे सगळं माणूस स्वतःचंच करतो हे उघड आहे ना, मग कशाला सांगायचं. "आय शेव्ह्ड", "शी गॉट ड्रेस्ड", "वी गॉट रेडी". सेल्फ लावला की वाटतं यात काही विशेष आहे, जसं हाताचं प्लास्टर काढल्यावर आजोबा पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय कपडे घालू शकले, "ही कॅन ड्रेस हिमसेल्फ नाऊ". लहान मुलांबद्दल पण असंच बोलतात. रिलॅक्स आणि कॉन्संट्रेट यांना पण सेल्फ नको, "आय वॉज रिलॅक्सिंग मायसेल्फ ॲट उपवन" नाही, "आय वॉज रिलॅक्सिंग ॲट उपवन". आणि फील! "आय ॲम फीलिंग गुड" एवढंच म्हणा. "आय ॲम नॉट फीलिंग मायसेल्फ टुडे" हे वाक्य बरोबर आहे पण अर्थ आहे की आज मला बरं वाटत नाहीये, नेहमीसारखं नाहीये, आणि त्यातला नॉट काढलात तर अर्थ इतका भलतीकडे जाऊ शकतो की एचआरसमोर तरी बोलू नका.

आणि एन्जॉयचं एकदम उलटं. "वी वेंट टू लोणावळा, वी एन्जॉइड अ लॉट" हे आपलं देशी इंग्रजी. एन्जॉयला नेहमी काहीतरी पुढे लागतं, एकतर ज्याची मजा घेतली ती गोष्ट, "वी एन्जॉइड द ट्रिप", नाहीतर सेल्फ, "वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज". नुसतं "एन्जॉय!" असं जेवणाची प्लेट ठेवताना म्हणतात ते आता सगळीकडे चालतं, पण घडून गेलेली गोष्ट सांगताना पुढचा शब्द गाळू नका. याच जातीतला दुसरा शब्द अव्हेल. आपल्याकडे मॉलच्या बोर्डवर, बँकेच्या मेसेजमध्ये "अव्हेल धिस ऑफर" असतं आणि भारतात ते इतकं रुळलंय की मी कोणाला टोकत नाही, पण ब्रिटिश धाटणीत ते "अव्हेल युअरसेल्फ ऑफ धिस ऑफर" असं असतं. परदेशी क्लायंटला लिहिताना "यूज धिस ऑफर" लिहा की, भानगडच नको.

आता बरोबर, जवळ, मागे, पुढे वाले शब्द. पावसाळ्यात घरून निघताना "छत्री स्वतःबरोबर ठेव" याचं आपण "कीप द अम्ब्रेला विथ युअरसेल्फ" करतो. इथे इंग्रजीत साधं "विथ यू" लागतं. "आय हॅव नो कॅश ऑन मी", "लुक बिहाइंड यू", "शी पुट द बॅग नेक्स्ट टू हर". वस्तू कुठे आहे एवढंच सांगायचं असेल, म्हणजे नुसती जागा, तर सेल्फ लागत नाही. पण कीपबरोबर एक गंमत आहे आणि ती माहीत असलेली बरी. "कीप धिस विथ यू" म्हणजे हे तुझ्याकडे ठेव. "कीप धिस टू युअरसेल्फ" म्हणजे कोणाला सांगू नकोस, मनात ठेव. आता विचार करा, नवीन जॉइन झालेल्या मुलाला तुम्ही पगाराचं पत्र दिलंत आणि म्हणालात "कीप इट टू युअरसेल्फ", तर तुम्ही त्याला गुपित पाळायला सांगितलं. आणि "कीप इट विथ यू" म्हणालात तर नीट जपून ठेवायला सांगितलं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि पगाराच्या पत्राबाबत दोन्ही कामाच्या आहेत.

मेल्सकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. "फॉर एनी क्वेरी, प्लीज कॉन्टॅक्ट रोहन ऑर मायसेल्फ." "रोहन अँड मायसेल्फ विल अटेंड द कॉल." "ॲज डिस्कस्ड विथ युअरसेल्फ." तिन्ही गाळा. युक्ती अशी, की रोहनला वाक्यातून बाहेर काढा आणि एकट्याचं वाक्य बोलून बघा. "कॉन्टॅक्ट मायसेल्फ"? नाही ना, "कॉन्टॅक्ट मी", मग रोहन परत आत, "कॉन्टॅक्ट रोहन ऑर मी". "मायसेल्फ विल अटेंड"? नाही, "आय विल अटेंड", म्हणून "रोहन अँड आय विल अटेंड". माणसं इंग्रजीतला मी आणि आय यातलं कुठलं लावायचं या भीतीनेच मायसेल्फकडे पळतात असं मला वाटतं, आणि हे फक्त आपल्याकडे नाही, इंग्लंड-अमेरिकेतली ऑफिसवाली आणि कॉल सेंटरवाली मंडळी पण सर्रास "अँड हाऊ अबाउट युअरसेल्फ" करतात. त्यामुळे "अहो पण आमचा क्लायंट तर गोरा आहे आणि तोच असं लिहितो" हे ऐकून घ्यायला लागतंच. लिहितो, मान्य, पण चांगले एडिटर त्याचंही खोडतात.

"ॲज डिस्कस्ड विथ युअरसेल्फ" मागे अजून एक देशी कारण असावं असा माझा अंदाज आहे. आपला "आपण" हा शब्द तीन-तीन ड्युट्या करतो. "आपण बसा" म्हणजे तुम्ही, आदराने. "चला आपण चहा घेऊ" म्हणजे तू आणि मी. आणि "तो म्हणाला आपण येणार नाही" म्हणजे तो स्वतः. आदराचं आणि स्वतःचं एकाच शब्दात आलंय, मग "आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार" इंग्रजीत लिहिताना बोटं युअरसेल्फकडेच वळणार. इंग्रजीत आदरासाठी वेगळा यू नाहीच. कलेक्टरला पण यू आणि रिक्षावाल्याला पण यू.

आदराचाच दुसरा घोळ एकवचन-अनेकवचनाचा. सरांना आपण तुम्ही म्हणतो, क्रियापद अनेकवचनी लावतो, "सर, तुम्ही बसा", म्हणून इंग्रजीत पण अनेकवचन येऊन "सर, प्लीज इंट्रोड्यूस युअरसेल्व्ह्ज" होतं. सर एकच आहेत ना, मग युअरसेल्फ. इंग्रजी इथे फक्त डोकी मोजते. समोर पूर्ण बॅच बसली असेल तर युअरसेल्व्ह्ज. तसंच "साहेब स्वतः आले" मध्ये आपण "आले" म्हणतो म्हणून कोणी देमसेल्व्ह्ज लिहू नका, "द बॉस केम हिमसेल्फ", बाई असतील तर हरसेल्फ.

याच वाक्यावरून दुसऱ्या कामावर येऊ, जोर देण्याच्या. "द प्रिन्सिपल हरसेल्फ साइन्ड द फॉर्म", खुद्द प्रिन्सिपलनी सही केली, क्लार्कने नाही. इथली टेस्ट वेगळी आहे, सेल्फ काढून बघा, वाक्य उभं राहिलं पाहिजे. "द प्रिन्सिपल साइन्ड द फॉर्म", राहिलं उभं. पहिल्या कामात तो काढला की वाक्य तरी पडतं, "रिया ब्लेम्ड" म्हणून थांबता येत नाही, नाहीतर अर्थ तरी बदलतो. जागा दोन, एकतर ज्याच्यावर जोर त्याच्या लगेच नंतर, नाहीतर वाक्याच्या शेवटी. रोजच्या बोलण्यात शेवटीच ठेवा, "आय डिड इट मायसेल्फ". "आय मायसेल्फ डिड इट" चूक नाही पण जरा भाषणासारखं वाटतं.

"मीच केलं" याचं आपल्याकडे "आय ओन्ली डिड इट" होतं आणि बाहेरच्या माणसाला ते "मी फक्त केलं" असं काहीतरी अर्धवट ऐकू येतं. दुसऱ्याची मदत न घेता केलं असं म्हणायचंय तर "आय डिड इट मायसेल्फ", आणि दुसऱ्या कोणी नाही मीच तो असं म्हणायचंय तर "आय ॲम द वन हू डिड इट". दोन वेगळे "च" आहेत ते, मराठीत आवाजावरून कळतात.

आणि तो "आजच"! "आय विल सेंड इट टुडे इटसेल्फ." "आय लिव्ह इन ठाणे इटसेल्फ." हा इटसेल्फ म्हणजे शंभर टक्के आपला "च" आहे, भारतभर चालतो, मराठी, गुजराती, तमिळ सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ऑफिसातल्या ऑफिसात बोललात तर कोणाचंही काही बिघडत नाही. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या पेपरात किंवा बाहेरच्या क्लायंटला नुसतं "टुडे" लिहा. फारच जोर हवा असेल तर "बाय द एंड ऑफ टुडे", "राइट हिअर इन ठाणे".

सेल्फच्या आधी बाय लागला की अर्थ एकट्याचा होतो. "आय वेंट टू माथेरान बाय मायसेल्फ" म्हणजे एकटा गेलो, बरोबर कोणी नव्हतं. "आय कुक्ड डिनर बाय मायसेल्फ" मध्ये एकट्याने आणि मदतीशिवाय असे दोन्ही अर्थ निघतात. आपल्या "आपोआप"ला पण हाच बाय लागतो, फक्त वस्तू किती आहेत ते बघा. "द डोअर क्लोज्ड बाय इटसेल्फ", पण एसी लोकलचे दरवाजे अनेक आहेत म्हणून "द डोअर्स क्लोज बाय देमसेल्व्ह्ज". स्वतःहून, म्हणजे कोणी न सांगता, असं म्हणायचं असेल तर "ऑन हिज ओन" घ्या, "ही अपॉलोजाइज्ड ऑन हिज ओन".

ओनवरून आठवलं, सेल्फला मालकी दाखवता येत नाही. मायसेल्फ्स हाऊस नाही, सेल्फ हाऊस तर मुळीच नाही. "स्वतःचं घर" म्हणजे "माय ओन हाऊस". ओनच्या आधी माय, हिज, अवर काहीतरी लागतंच, "आय हॅव ओन फ्लॅट इन कोपरखैरणे" अर्धवट आहे, फ्लॅट खरा असला तरी.

एकमेकांचं मात्र नीट समजून घ्या कारण इथे विनोद होतो. "दे वर टॉकिंग टू देमसेल्व्ह्ज" याचा अर्थ ती माणसं आपापली एकेकटी पुटपुटत होती असा होतो. एकमेकांशी बोलत होती तर "टू ईच अदर". कानात ब्लूटूथ घातलेल्या पब्लिकमुळे ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर हल्ली पहिलं वाक्य पण खरं वाटतं ती गोष्ट वेगळी. "आम्ही तलावपाळीला भेटलो" याला तर काहीच लागत नाही, "वी मेट ॲट तलावपाळी". फक्त "आपापसात" असेल तेव्हा अमंग येतो आणि सेल्व्ह्ज परत येतो, "दे वर आर्ग्युइंग अमंग देमसेल्व्ह्ज".

थोडं अवघड एक सांगतो, घाई असेल तर पुढे जा. मराठीत "राहुल म्हणाला की अमितने आपल्याला फसवलं" म्हटलं तर फसला कोण? राहुल. आपला "आपण" कीच्या पलीकडे उडी मारून बोलणाऱ्या राहुलपर्यंत जातो. इंग्रजी सेल्फला ही उडी मारता येत नाही, तो आपल्याच छोट्या वाक्यातला कर्ता पकडतो. म्हणून "राहुल सेड दॅट अमित हॅड चीटेड हिमसेल्फ" लिहिलंत तर अमितने स्वतःलाच फसवलं असा अर्थ होतो. राहुल फसला हे सांगायला साधा "हिम" लागतो, "राहुल सेड दॅट अमित हॅड चीटेड हिम". दॅट दिसला की त्याच्यामागचं सगळं झाकून फक्त पुढचं वाक्य बघायचं आणि पहिली टेस्ट लावायची, की झालं.

स्पेलिंगचं पटकन. सगळे जोडून एकच शब्द, माय आणि सेल्फ मध्ये जागा सोडायची नाही. अनेकवचनात शेवटचा एफ जाऊन व्ही येतो, शेल्फचं शेल्व्ह्ज होतं तसंच. हिजसेल्फ आणि देअरसेल्व्ह्ज हे शब्द लिहू नका, हिमसेल्फ आणि देमसेल्व्ह्जच. माय, युअर, अवर मालकीचे आणि हिम, देम कर्माचे, असं का ते विचारू नका, इंग्रजीच्या इतिहासात दोन वेगळ्या सवयी एकत्र राहून गेल्यात, पाठच करावं लागतं. पुरुष की बाई माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तर एकट्या माणसालाही दे लावतात, मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन डिक्शनरीने २०१९ साली "दे"लाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं, आणि त्यामागून देमसेल्फ पण दिसायला लागलाय. परीक्षेत मात्र देमसेल्व्ह्जच लिहा, "एव्हरीवन शुड इंट्रोड्यूस देमसेल्व्ह्ज".

सराव करायचा तर ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या-उभ्या होतो, डोक्यात जे मराठी वाक्य येईल ते घ्यायचं आणि सेल्फ लागतो की नाही एवढंच ठरवायचं. "बाबांनी स्वतः पंखा दुरुस्त केला", जोर आहे, म्हणून "माय फादर रिपेअर्ड द फॅन हिमसेल्फ". "पाकीट जवळ ठेव", नुसती जागा, "कीप युअर वॉलेट ऑन यू". "गडकरी रंगायतनच्या बाहेर भेटू", काही नाही, "लेट्स मीट आउटसाइड गडकरी". "मॅडम, घ्या ना तुमच्या हाताने वाढून", मॅडम एकच, "प्लीज हेल्प युअरसेल्फ, मॅडम". "ती स्वतःशीच हसली", इथे टू लागतो, "शी लाफ्ड टू हरसेल्फ". "शी लाफ्ड ॲट हरसेल्फ" म्हणालात तर ती स्वतःवर हसली, म्हणजे स्वतःचीच फजिती बघून.